स्लीव्हला (पोट लहान करायच्या ऑपरेशनला) साडेआठ महिने झाले, सहा आठवड्यांपासून काटा ८६ वरच, हुरूपच गेलाय

मॅडम_लातूर

नमस्कार. इतके दिवस नुसतं वाचायले होते, आज पहिल्यांदा लिहायलेय. लांबेल, सांभाळून घ्या.

वय ३९, उंची १५८ सेंटिमीटर, लातूर तालुक्यातल्या एका गावात झेडपीच्या शाळेवर आहे. एप्रिलच्या सुरुवातीला मेडिकल रजा टाकून पुण्याला जाऊन स्लीव्ह करून घेतली. तेव्हा ११८ किलो होते. शुगर बॉर्डरवर, गुडघ्यांनी जिना चढू देईना, रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून मिस्टर दचकून उठायचे आणि मला हलवून जागं करायचे. पहिल्या महिन्यात ९ किलो गेले, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ५, मग ४, मग ३-३, मग २. दिवाळीला ८६ झालं आणि तिथंच गाडी थांबली ती आजपर्यंत. ८६.२, ८५.९, ८६.४, परत ८६.१. सकाळी उठल्यावर बघते, शाळेतून आल्यावर बघते, झोपताना बघते. काट्यावर पाय ठेवायच्या आधीच छातीत धडधड व्हायलीय आता.

सुरुवातीला काय हुरूप होता म्हणून सांगू, दर आठवड्याला आकडा खाली, सहावीतल्या पोरी म्हणायच्या मॅडम तुमचा ड्रेस सैल झाला. आता कोणी काही म्हणत नाही. मी अजून कमी खाऊन बघितलं, दोन दिवस नुसतं ताक आणि नारळपाणी घेतलं, तिसऱ्या दिवशी फळ्यासमोर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि वजन होतं तेवढंच. मग रागाच्या भरात त्या संध्याकाळी बिस्किटाचा अख्खा पुडा चहात बुडवून खाल्ला आणि रात्रभर रडले. केस तर एवढे गळायलेत की न्हाणीच्या जाळीत रोज गुंता निघतो.

अजून एक गोष्ट. घरात मिस्टर आणि माझी आई सोडून ऑपरेशनचं कोणालाच माहीत नाही. सासरी हर्नियाचं सांगितलंय. त्यामुळं कुठं जेवायला गेलं की "एवढंसंच? आमच्या हातचं चालत नाही का" हे ऐकावं लागतं. पुढच्या आठवड्यात वेळ अमावस्या आहे, सगळे भावकीतले शेतात येणार, भज्जी, उंडे, आंबील, खीर, आणि मी काय सांगू?

जिथं ऑपरेशन झालं तिथं फोन लावला तर "डाएट पाळा मॅडम" एवढंच सांगून ठेवून दिला. पुण्याला परत जायचं तर एक दिवसाची रजा आणि पाच-सहा तासांचा प्रवास. साडेतीन लाख घातले, पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत. हे सगळं इथंच थांबलं तर? आकडा हलत नसताना तुम्ही लोक रोज कशाच्या जिवावर पाळता हे सगळं, तेवढं सांगा.


गोदाकाठ_नांदेड

ताई, तुमचं वाचून मला माझा नववा महिना आठवला. माझी पोटाची बायपास, वजनासाठीच, चार वर्षं झाली. १४२ वरून सुरू केलं, इन्सुलिन चालू होतं. नवव्या महिन्यात १०१ ला येऊन काटा जो बसला तो दोन महिने हालला नाही. शंभरच्या आत यायची एवढी घाई झाली होती मला, एकच किलो राहिला होता ना, आणि तोच येईना. मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही.

मी चिडलो. फॉलोअपला जायचं सोडलं, कारण तिथं गेलं की वजन करणार आणि आपण नापास होणार असं डोक्यात बसलेलं. व्हिटॅमिनच्या गोळ्या संपल्या त्या परत आणल्या नाहीत. तरी तेव्हाचं सगळं चांगलं चालू होतं त्यामुळं वजन पुढं आपोआपच उतरलं, सोळाव्या महिन्यात ८८ झालं. म्हणजे बगा, ज्या दोन महिन्यांत मी हाय खाल्ली ते नुसतं थांबणं होतं, संपणं नव्हतं. पण सवय मोडली ती मोडलीच. दुकान आहे माझं, खताबियाणांचं, दिवसभर गिऱ्हाईक, प्रत्येकाबरोबर अर्धा कप चहा आणि समोर चिवड्याची बरणी. जेवण दोन घासात गच्च व्हायचं पण चिवडा कितीबी खाल्ला तरी पोट भरतच नव्हतं. दीड वर्षात ९९ वर गेलो. आणि पायाच्या तळव्याला मुंग्या यायला लागल्या, रात्री चादर लागली तरी चरचर. तपासलं तर बी१२ तळाला गेलेलं. बायपासमध्ये अन्न आतड्याचा पहिला भाग टाळून पुढं जातं, पोटाचाबी मोठा भाग बाजूला पडतो, तर बी१२, लोह, कॅल्शियम नीट लागतच नाही अंगाला, गोळ्या जन्मभर. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. मीच ऐकलं नव्हतं. इंजेक्शनं घेऊन मुंग्या कमी व्हायला सहा महिने लागले.

आज ९३ आहे. इन्सुलिन बंद आहे, एक गोळी आहे. ८८ परत येईल का माहीत नाही.

तुम्ही विचारलं कशाच्या जिवावर. खरं सांगू का, माझा एक मित्र आहे, त्याला हार्टचा त्रास होऊन गेला, तो रोज साडेपाचला माझ्या दाराशी येऊन मोटारसायकलचा हॉर्न वाजवतो. दोघं गोवर्धन घाटाकडं जातो, चालतो, परत येतो. ज्या दिवशी मन नसतं त्या दिवशीबी हॉर्न वाजतोच. मला हुरूप असतोच असं नाही. पण तो बाहेर थंडीत उभा आहे म्हटल्यावर उठावंच लागतं.


सिस्टर_संभाजीनगर

मॅडम, मी डॉक्टर नाही, सर्जरी वॉर्डला चौदा वर्षं सिस्टर आहे, बॅरिएट्रिकचे, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनचे पेशंट रोज बघते. दोन-तीन गोष्टी आधी हिशोबाने सांगते मग बाकीचं बोलू.

तुमच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २५ धरला तर वजन येतं ६२ च्या आसपास. म्हणजे ११८ मध्ये जास्तीचे होते ५६ किलो. त्यातले ३२ गेले. जास्तीच्या वजनातला ५७ टक्के भाग साडेआठ महिन्यांत गेलाय. स्लीव्हचे बहुतेक पेशंट सगळ्यात कमी वजनाला पोचतात ते बारा ते अठरा महिन्यांत, काही जण दोन वर्षांनी. तुम्ही अजून रस्त्यात आहात.

वेग कमी का होतो ते समजून घ्या, कारण तुम्हाला वाटतंय तुमचं काहीतरी चुकलं. ११८ किलोचं शरीर नुसतं बसून, श्वास घेऊन, हृदय चालवून जेवढं जाळत होतं तेवढं ८६ किलोचं शरीर जाळत नाही. घरातली गॅसची टाकी भरलेली असताना ३० किलोच्या आसपास असते. तुम्ही ती टाकी चोवीस तास पाठीवर घेऊन जिना चढत होतात, आता ती उतरवून ठेवली. मग इंजिनाला कमी डिझेल लागणारच. वर शरीराला वाटतं दुष्काळ पडला, ते आणखी हात आखडतं. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, टाकीत पाणी कमी राहिलं की आपण भांडी कशी राखेने घासून एका तांब्यात उरकतो, शरीर तसंच करतं. म्हणून तुम्ही दोन दिवस ताकावर राहिलात तर काटा उतरला नाही, उलट चक्कर आली. प्रोटीन नसेल तर शरीर चरबीच्या जोडीनं स्नायूपण खातं, आणि स्नायू कमी झाले की जाळायची ताकद अजून कमी. कृपा करून ते परत करू नका.

केस गळणं तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात पुष्कळ जणींना होतं आणि परत येतात, पण तुमचं आठ महिने होऊनही जोरात चालू आहे म्हणजे लोह आणि प्रोटीन बघायला हवं. सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, थायरॉइड एवढं लातूरला कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये होईल, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. रिपोर्ट तिकडं पाठवून द्या आणि फोनवर रिसेप्शनला नाही, थेट सर्जन किंवा आहारतज्ज्ञांची वेळ मागून घ्या, एकदा नाही मिळाली तर परत मागा, तो तुमचा हक्क आहे.

आणि एक, कधी सारख्या उलट्या व्हायला लागल्या, पाणीसुद्धा टिकत नाही असं झालं किंवा पोटात जोरात दुखलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. बी१ कमी पडून नसांवर येतं आणि ते पटकन येतं.

आता सांगा, कालच्या दिवसात सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय गेलं? चहासकट. लाजायचं नाही.


फिट_बीड

मॅडम एवढं टेन्शन कशाला, पाच दिवस फक्त पातळ घ्या, पोट परत पहिल्यासारखं बारीक होतं, व्हिडिओ आहेत भरपूर. नाहीतर आता ती आठवड्याची इंजेक्शनं निघालीत ना, माझ्या मेव्हण्यानं घेतली, भूकच लागत नाही म्हणे. दोन महिन्यांत १० किलो.


सिस्टर_संभाजीनगर

भाऊ, मनापासून सांगायलात हे कळतंय, पण पातळावर राहून पोट पुन्हा लहान होतं याला काही आधार नाही. दोन दिवसाच्या पातळाने त्यांना वर्गात अंधारी आली हे वर लिहिलंय त्यांनी. इंजेक्शनं खरी आहेत, ऑपरेशननंतर वजन परत चढलं तर डॉक्टर कधी कधी देतातही, पण ते तपासण्या बघून डॉक्टरांनी ठरवायचं. ज्या बाईच्या पोटात आधीच प्रोटीन जात नाही तिची उरलीसुरली भूक मारून काय साधणार.


मॅडम_लातूर

सिस्टर, टाकीचं वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन खरंच भरलेली टाकी उचलून बघितली. जमिनीपासून वीतभरच उचलली गेली. खाली ठेवली आणि ओट्याला टेकून किती तरी वेळ तशीच उभी राहिले. हे मी अंगावर घेऊन हिंडायले होते.

कालचं सांगते. सकाळी सहाला चहा एक कप, दोन चमचे साखर, दोन बिस्किटं. साडेनऊला सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा), एक छोटी प्लेट, ती सहज जाते. शाळेत चहा दोनदा. दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, वरणाचं वरचं पाणी, कारण घट्ट वरण छातीत अडकतं, थोडी मेथीची भाजी. दोन घासांमागं पाणी लागतं मला, नाहीतर उतरत नाही. चार वाजता स्टाफरूममध्ये कोणाचा तरी वाढदिवस, एक पेढा आणि चहा. घरी आल्यावर चहा आणि मूठभर फुटाणे-मुरमुरे. रात्री येसरची आमटी आणि भात चार चमचे. अंडं आमच्यात घरी करत नाहीत, मी बाहेर खाते कधीमधी. पनीर आठवड्यातून एकदा.

लिहिता लिहिता मलाच दिसायलंय. पण मला वाटायचं मी किती कमी खाते, आणि कमीच खाते की हो, पेढा सोडला तर.


सिस्टर_संभाजीनगर

कमीच खाताय, खोटं नाही ते. पण बघा कुठून जातंय. चहा पाच वेळा, प्रत्येकी दोन चमचे, दहा चमचे साखर म्हणजे कमीत कमी ४० ग्रॅम, १६० कॅलरी नुसत्या साखरेच्या. सुशीला, मुरमुरे, बिस्किट, हे सगळं लाळेत विरघळून सरकन खाली जातं, पोटात थांबतच नाही, म्हणून सहज जातं. गोदाकाठ भाऊंच्या चिवड्याचंही तेच. आणि जेवताना पाणी पिता म्हणजे जे थांबणारं अन्न आहे तेही धुऊन पुढं ढकलता, अर्ध्या तासात परत काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. जेवताना पाणी नाही, जेवण झाल्यावर अर्धा तास नाही. घास अडकतो तो पाण्याविना नाही, मोठा घेतला आणि चावला नाही म्हणून. हरभऱ्याएवढा घास घ्या, चमचा खाली ठेवा, चावा, मग दुसरा.

प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हवं. तुमच्या कालच्या ताटात मोजलं तर ३० च्या आत भरतं. वरणाच्या पाण्यात आणि पातळ आमटीत जवळजवळ काही नसतं, तळाशी बसलेली डाळ खायची, पाणी बाकीच्यांना. मला एका गोष्टीचं फार वाईट वाटतं, लातूर म्हणजे सोयाबीनचं केवढं मोठं मार्केट, शेतात सोयाबीन, आडतीवर सोयाबीन, आणि ताटात औषधालाही नाही. सोयाच्या वड्या ३० ग्रॅम कोरड्या घेतल्या तर त्यात १५ ग्रॅम प्रोटीन. भिजवून, पिळून, बारीक करून भाजीत टाका. पनीर १०० ग्रॅमला १८ च्या आसपास. अंडं एक, ६ ग्रॅम, घरात नको तर शाळेच्या डब्यात बाहेरून. दही बांधून घट्ट चक्का करा, साखर न घालता. ताटात आधी प्रोटीन संपवायचं, मग भाजी, भाकरी शेवटी जागा राहिली तर. आणि आठवड्यातून तीन दिवस वजन उचलायचं, जिम नको, पाण्याच्या दोन बाटल्या आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं.

काटा मिस्टरांकडे देऊन टाका. रविवारी सकाळी एकदा. दिवसातून तीनदा जे हलतं ते पाणी, मीठ आणि पाळी, चरबी नव्हे.


परभणीची_सून

मॅडम मी हे वाचून कालपासून अस्वस्थ आहे म्हणून लिहायलेय, मला सिस्टरांसारखं हिशोबात सांगता येणार नाही. माझी पण स्लीव्ह, अडीच वर्षं झाली, ११२ होते, ७९ पर्यंत आले आणि आता ८१-८२ असते. सत्तर व्हायचं ठरवलं होतं, झाले नाही. तुम्ही विचारलंत ना की इथंच थांबलं तर, तर त्याचं उत्तर कोणीच देत नाही, सगळे म्हणतात उतरेल उतरेल, आणि उतरेलही तुमचं, पण थांबूही शकतं कुठंतरी, आणि मला ते कोणी आधी सांगितलं असतं तर मी एक अख्खं वर्ष स्वतःला दूषणं देण्यात घालवलं नसतं. दंडाची कातडी लोंबते माझी, पोटाची पण, साडीत झाकते. आरशासमोर सुरुवातीला बघवत नव्हतं.

पण मी काय केलं, घरात जे भिंतीवरचं कॅलेंडर असतं ना दुधाचा हिशोब लिहायचं, त्याच्या पाठीमागं लिहायला सुरुवात केली, वजन नाही, दुसरं काही. पहिली ओळ होती, आज एसटीत दोघींच्या सीटवर बसले आणि शेजारची बाई उठून गेली नाही. मग, जोडवी बोटात फिरायला लागली. हळदीकुंकवाला जमिनीवर मांडी घालून बसले आणि उठताना कोणाचा हात नाही घेतला. बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. तुळजापूरला पायऱ्या उतरून गेले आणि परत चढून आले, वर आल्यावर खाली वळून बघितलं तर डोळे भरून आले, कारण आधीच्या वेळी मी वरच थांबले होते, चपला सांभाळायला, आणि सगळ्यांना सांगितलं होतं की मला गर्दी सोसत नाही. बारा महिन्यांची बारा पानं भरली. वजनाचा आकडा त्यात एकदाही नाही.

आणि लपवण्याचं. मी पण दीड वर्ष लपवलं, पित्ताशयाचं सांगितलं होतं. त्याचा त्रास असा की आपण सगळ्यांसमोर दोन घास खातो आणि मग एकटं असताना दहा वेळा थोडं थोडं खातो, कारण भूक पण चोरूनच लागते. ज्या दिवशी जाऊबाईंना सांगितलं त्या दिवसापासून पंगतीत वाढायला त्याच येतात आणि माझ्या ताटात बेतानंच टाकतात, सासूबाई बोलल्या की म्हणतात "तिला मी वाढलंय, राहू द्या." सगळ्यांना नका सांगू. तुमचं ऑपरेशन आहे, तुमची मर्जी. एकीला सांगा.


मॅडम_लातूर

परभणीच्या ताई, शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून वाचलं तुमचं, घंटा झालेली ऐकूच आली नाही. मी पण गर्दी सोसत नाही म्हणून सांगायचे. हेच शब्द.

वेळ अमावस्या होऊन जाऊ द्या, मग लिहिते.


मॅडम_लातूर

बारा दिवसांनी लिहायलेय.

आदल्या रात्री मोठ्या जाऊबाईंबरोबर भज्जीची तयारी करत बसले होते, त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या, मी तुरीच्या. सांगून टाकलं. त्या एकदम काहीच बोलल्या नाहीत, मला वाटलं झालं आता, उद्या सगळ्या भावकीत. मग म्हणाल्या, "एवढं एकटीनं कशाला सोसलं गं? मला वाटायचं तुला कॅन्सर झालाय आणि तुम्ही दोघं लपवायलात." नऊ महिने ती बाई माझ्यासाठी मनात हेच घेऊन बसली होती, दर मंगळवारी उपवास धरला होता त्यांनी, मला माहीतच नाही. दोघी शेंगांच्या टरफलात बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, जेवायला बसलो. वाढायला त्याच. द्रोणात भज्जी दोन पळ्या, त्यात डाळीचं पीठ आणि शेंगदाणे असतातच, आणि उंड्याचा लिंबाएवढा तुकडा. आंबील जेवताना घेतली नाही, तासाभराने बांधावर बसून घोट घोट घेतली. खीर एक चमचा घेतली, दुसरा नको वाटला. कोणी काही म्हणालं नाही. आणि ताई, मांडी घालून बसले होते, अर्धा तास, ढेकळावर अंथरलेल्या पोत्यावर. उठताना एक हात टेकला. तेवढं लिहून ठेवलंय कॅलेंडरच्या पाठीमागं.

दुसरं. संक्रांतीचं ब्लाउज शिवायला टाकायला गेले. आमचे टेलर वहीत माप लिहून ठेवतात, दिवाळीचं पान काढलं त्यांनी आणि आत्ताचं माप घेतलं, आणि म्हणाले मॅडम जुन्या मापावर नाही चालणार. दिवाळीला छाती ४२, आता साडेचाळीस. दंड १५ होता, १४. वजन दिवाळीलाही ८६ आणि त्या दिवशी पण ८६! मी त्यांना दोनदा परत मोजायला लावलं. टेप तोच, माणूस तोच. या सहा-सात आठवड्यांत मी स्वतःला शिव्या घालत होते आणि तिकडं वहीत दीड इंच कमी झालेला.

रिपोर्ट आले. फेरिटिन फारच कमी, बी१२ खालच्या काठावर, डी पण कमी, थायरॉइड ठीक. पुण्याला तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा आहारतज्ज्ञ मॅडम स्वतः वीस मिनिटं बोलल्या, सर्जननं लोह आणि बी१२ सुरू केलंय. चहा दोनवर आणलाय, त्यात अर्धा चमचा साखर, पहिले चार दिवस डोकं दुखलं. सोयाची वडी सासूबाईंना आवडली, त्यांना वाटतं खिमा खातो तसं काहीतरी पाप करायलोत म्हणून आधी दोनदा विचारलं कशाची आहे. काटा मिस्टरांनी माळ्यावर टाकलाय. रविवारी काढला होता, ८५.६.

सकाळी साडेपाचला कोण येईल दाराशी हे अजून ठरलं नाही. जाऊबाई म्हणाल्यात मी येते पण शेजारच्या वाड्यातून हॉर्न कुठनं वाजवू, कडी वाजवीन.


गोदाकाठ_नांदेड

कडी चालते. माझा हॉर्न ऐकून गल्लीतले लोक शिव्या देतात, कडीला कोणी देणार नाही.


सिस्टर_संभाजीनगर

वा मॅडम. काट्यावरच्या जेमतेम अर्ध्या किलोकडं बघू नका, वहीतल्या दीड इंचाकडं बघा, आणि टेलरना सांगा ते पान फाडू नका म्हणून. एक राहिलं, लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास तरी ठेवा, आणि लोहाच्या आगेमागे चहा नको, लोह लागू देत नाही तो. फेरिटिन तीन महिन्यांनी परत करा.


मॅडम_लातूर

चहा सकाळी सहाला असतो. मग लोह रात्री झोपताना घेते, आणि कॅल्शियम शाळेत, दुपारच्या सुट्टीत. आजच डब्यात ठेवते.